लिहून नेले, वाचून दाखवले नाही : भोपाळच्या रुग्णांची गोष्ट

माझ्या कपाटात फुफीची एक पिशवी आहे. रेक्झिनची, मरून रंगाची. चेन तुटलेली, म्हणून तोंड सुतळीने बांधलेले. आत भोपाळच्या वेगवेगळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, दोन एक्स-रे, नुकसानभरपाईच्या दाव्याची पावती आणि एका वहीच्या पानावर फुफीने स्वतः उर्दूत लिहून ठेवलेल्या तारखा आहेत. औषधांच्या तारखा नाहीत त्या. कोण कधी घरी येऊन तिला तिच्या तब्येतीबद्दल प्रश्न विचारून गेले, त्याच्या आहेत. अशा अकरा तारखा. पुढे फक्त एवढेच, ‘दो मेडम, एक साहब’, ‘कॉलेज के लडके’, ‘खून लिया’, ‘फूंक मारने को कहा’.

आमची फुफी भुसावळची. १९७९ मध्ये लग्न होऊन भोपाळच्या काझी कॅम्पमध्ये गेली. युनियन कार्बाइडचा कारखाना तिथून पायी जाण्याच्या अंतरावर होता. शाळेत असताना मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा असेच एक पथक आलेले मला आठवते. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी तासभर प्रश्न विचारले. किती जिने चढता येतात, धाप कधी लागते, पाळी नियमित येते का. शेवटचा प्रश्न आला तेव्हा मला बाहेर पाठवले गेले. पथक गेल्यावर मी विचारले, आता हे औषध पाठवतील का? फुफी हसली. म्हणाली, “बेटा, लिख के तो सब ले गए. पढ के किसी ने नहीं सुनाया.”

आता फुफी हयात नाही. पण हल्ली आरोग्याच्या परिषदांमध्ये ‘रुग्ण हा संशोधनातला भागीदार’ असा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो, तेव्हा मला तिचे ते वाक्य आठवते. हा विचार परदेशातून आलेली नवी टूम आहे असे आपल्याकडे अनेकांना वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. चाळीस वर्षांपूर्वी भोपाळच्या गल्ल्यांतून बायकांनी हीच मागणी केली होती. फक्त तिला असे गोंडस नाव नव्हते, आणि ती ऐकणाऱ्यांना ती मागणी वाटली नाही, कटकट वाटली.

ती रात्र २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली. कारखान्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट आणि त्याच्यासोबत तयार झालेले इतर वायू शहरावर पसरले. पुढे सरकारने शहरातले ३६ वॉर्ड बाधित ठरवले, लोकसंख्या ५ लाख २१ हजारांच्या वर. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. सरकारी हिशेबात भरपाईपात्र मृत्यू पाच हजारांच्या थोडे वर आहेत, तर संघटनांचा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते त्या रात्रीचे अज्ञान. हमीदिया रुग्णालयात माणसांचा लोंढा आला तेव्हा समोर कोणते विष आहे हे डॉक्टरांना माहीत नव्हते. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा निरोप होता की हा वायू अश्रुधुरासारखा झोंबणारा आहे, जीवघेणा नाही, डोळे पाण्याने धुवा. वायूच्या विषारीपणाबद्दल कंपनीकडे असलेली सर्व माहिती तिने कधीच उघड केली नाही. म्हणजे उपचार करणारा आणि उपचार घेणारा दोघेही अंधारात होते. अशा वेळी माहितीचा एकच स्रोत उरतो, तो म्हणजे खुद्द रुग्ण. त्याला काय होतेय, कशाने बरे वाटतेय, कशाने वाटत नाही, हे त्याला विचारणे. भोपाळमध्ये विचारले खूप गेले. ऐकले फार कमी गेले.

एका इंजेक्शनचा वाद

याचे पहिले उदाहरण सोडियम थायोसल्फेटचे. हे स्वस्त आणि जुने औषध आहे, सायनाइडच्या विषबाधेवर दिले जाते. गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. हीरेश चंद्र शवविच्छेदन करत होते. मृतांचे रक्त गडद लालभडक दिसत होते. त्यावरून त्यांना सायनाइडसारख्या विषाची शंका आली. कंपनीने आधी तार पाठवून, सायनाइडची शंका असेल तर हे औषध द्या असे कळवले आणि नंतर तो सल्ला मागे घेतला. राज्याच्या आरोग्य खात्यानेही पुरावा पक्का असल्याशिवाय हे औषध देऊ नये असेच धोरण ठेवले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, चाचणी घेतली. रुग्णांना फायदा होतो असे दिसले आणि १९८५ च्या सुरुवातीला परिषदेने हे औषध वापरण्याची शिफारस केली. तरीही वस्त्यांपर्यंत इंजेक्शन पोहोचेना.

एका इंजेक्शनवरून एवढे रण का? कारण साधे आहे. या औषधाने शरीरातले विष लघवीवाटे बाहेर पडते आणि ते लघवीच्या तपासणीत मोजता येते. ते तसे बाहेर पडत असेल तर वायू फक्त डोळ्यांपुरता आणि फुप्फुसांपुरता राहिलेला नाही, तो रक्तात उतरला आहे हे सिद्ध होते. मग आजार आज-उद्या संपणारा नाही, आणि कंपनीची जबाबदारीही आज-उद्या संपणारी नाही. इंजेक्शन घेतल्यावर एखाद्या बाईने “थोडा हलका लगता है” म्हणणे हा म्हणूनच निव्वळ हालहवाल नव्हता. तो पुरावा होता.

लोकांना हे कळले होते. त्यांनी औषधासाठी मोर्चे काढले. जून १९८५ मध्ये काही तरुण डॉक्टर आणि गॅसपीडितांच्या संघटनांनी मिळून कारखान्याजवळ ‘जन स्वास्थ्य केंद्र’ उघडले. तिथे इंजेक्शन दिले जाई आणि प्रत्येक रुग्णाला आधी कसे वाटत होते, नंतर कसे वाटते, याची नोंद ठेवली जाई. माझ्या मते रुग्ण आणि डॉक्टर यांनी बरोबरीने केलेल्या संशोधनाचे आपल्या देशातले हे एक अस्सल उदाहरण आहे. २४ जूनला पोलिसांनी डॉक्टर आणि कार्यकर्त्यांना अटक केली, केंद्र बंद पाडले आणि नोंदी जप्त केल्या.

नोंदी जप्त केल्या, यावर जरा थांबावे लागते. दगडफेकीचा आरोप ठेवून माणसे पकडणे आपल्याला परिचयाचे आहे. पण दवाखान्याच्या वह्या उचलून नेण्याचे कारण काय असेल? मला एकच सुचते. त्या वह्यांत जे लिहिले होते, ते रुग्णांनी सांगितलेले होते आणि रुग्णांजवळच राहणार होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने औषध देण्याची व्यवस्था करायला सांगितली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये सात जणांची समिती नेमली. तिच्यात पीडितांच्या बाजूने अनिल सदगोपाल आणि डॉ. सुजित दास हे दोघे होते. बाकीच्यांशी त्यांचे जमले नाही. १९८८ मध्ये त्यांनी आपला वेगळा अहवाल दिला. रुग्णांची बाजू घेणारे समितीच्या टेबलापर्यंत पोहोचले ते एवढेच, आणि तेही कोर्टाच्या हुकमाने.

बायकांचे ‘अंदर का’ दुखणे

भोपाळच्या कहाणीत आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

वायुगळतीनंतर दोन-तीन महिन्यांत वस्त्यांमधल्या बायका सांगू लागल्या की पाळी बिघडली आहे, अंगावरून जाते, बाळाला दूध पुरत नाही. सरकारी दवाखान्यांत यावर ठरलेले उत्तर होते, गॅसचा आणि याचा काही संबंध नाही, बायकांना हे असतेच. काही डॉक्टर तर भरपाईच्या लोभाने झालेला मानसिक आजार असेही म्हणत. त्यावेळी वर्ध्याला काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल १९८५ च्या सुरुवातीला भोपाळला गेल्या. त्यांनी बायकांचे बोलणे आधी ऐकून घेतले आणि मग तपासणी केली. निष्कर्षात त्यांनी जो शब्द वापरला तो सौम्य नव्हता. त्यांनी याला स्त्रीरोगांची साथ म्हटले. पुढे राणी बंग गडचिरोलीला गेल्या. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची त्यांनी केलेली पाहणी जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची कुठली ना कुठली तक्रार निघाली. जगभरच्या आरोग्यशास्त्राला त्या पाहणीने ग्रामीण बाईच्या न सांगितलेल्या दुखण्याची दखल घ्यायला लावली. भोपाळमधला अनुभव त्यांना तिथे उपयोगी पडला असणार, असे मला वाटते. बाई सांगते ते आधी खरे मानायचे आणि मग तपासायचे, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

‘मेडिको फ्रेंड सर्कल’ हा डॉक्टरांचा गटही मार्च १९८५ मध्ये तिथे पोहोचला. या गटात महाराष्ट्रातले बरेच जण होते. त्यांनी कारखान्यासमोरच्या जे. पी. नगरची तुलना शहरातल्या दूरच्या अण्णा नगरशी केली. तोवर दवाखान्यांत एक्स-रे साफ दिसला की ‘जा, काही नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाई. या गटाने एक्स-रेवर न थांबता लोकांच्या तक्रारी एकेक करून मोजल्या, श्वासाची क्षमता मोजली. एक्स-रेत न दिसणारी धाप खरी होती. लोकांना माहिती देण्याची काही व्यवस्थाच नाही, यावरही त्यांनी बोट ठेवले. मोजक्या साधनांत, वर्गणीच्या पैशावर काही दिवसांत झालेली ती पाहणी होती. तिच्यात उणिवा असतीलही. पण प्रश्न लोकांचे होते.

इथे आपल्या माणसांबद्दलही बोलले पाहिजे. बायकांच्या या आजारावर फक्त सरकारी डॉक्टरच गप्प होते असे नाही. आमच्या घरांतही त्याला ‘अंदर की बीमारी’ म्हणत आणि तो विषय तिथेच संपत असे. मर्दांनी मोर्चात डोळ्यांच्या आणि छातीच्या आजाराच्या घोषणा दिल्या. कोखेची घोषणा कुणी दिली नाही. पडद्यातली बाई परक्या डॉक्टरला दाखवायची कशी, हा आमच्याकडचा मोठा प्रश्न होता. ती आजारी आहे हा त्याहून लहान प्रश्न होता. सर्वेक्षणात प्रश्न विचारणारा बहुधा पुरुष असे आणि बाजूला सासू किंवा नवरा बसलेला. अशा उत्तरांतून जो तक्ता तयार झाला असेल, त्यात बायका निरोगी दिसल्या असतील तर नवल नाही.

ऐंशी हजार माणसे, दहा वर्षे

आयसीएमआरने काही केले नाही, असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. या संस्थेने १९८५ ते १९९४ या काळात वीसहून अधिक प्रकल्प चालवले. ऐंशी हजारांहून अधिक बाधित माणसांची नोंद करून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जगात कुठल्याही औद्योगिक दुर्घटनेनंतर एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल. त्यात राबलेल्या कित्येक डॉक्टरांनी आणि घरोघर फिरलेल्या मुलामुलींनी मनापासून काम केले.

पण १९९४ मध्ये हे प्रकल्प गुंडाळले गेले. लोक आजारीच होते. त्या दहा वर्षांच्या लोकसंख्या-पाहणीचा सविस्तर अहवाल छापून आला २००४ मध्ये, म्हणजे दुर्घटनेला वीस वर्षे झाल्यावर. तोवर खटल्याचे कारण पुढे करून माहिती हातची राखली गेली. दरम्यान फेब्रुवारी १९८९ मध्ये सरकारने कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि बहुसंख्य दावेदार ‘तात्पुरती इजा’ या वर्गात टाकले गेले. त्यांच्या हाती सुरुवातीला पंचवीस हजार रुपये आले, पुढे पुन्हा तेवढेच. ज्यांच्या शरीरावरून ती माहिती काढली होती, त्यांना ती मिळाली असती तर ‘तात्पुरती’ या शब्दाला त्यांनी आव्हान दिले नसते का? माहिती होती, पण ती दावेदाराच्या हातात नव्हती.

संशोधनाच्या नैतिकतेबद्दल आयसीएमआरने पहिले धोरणपत्र १९८० मध्येच काढले होते, म्हणजे गॅसच्या चार वर्षे आधी. जून १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर शहरात एड्स झालेल्या काही रुग्णांनी एक जाहीरनामा वाचला. आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही एड्ससह जगणारी माणसे आहोत, आमच्याबद्दल निर्णय होतील तिथे आम्हाला जागा हवी, असे त्यात होते. तिकडे तो लढा पुढे औषधचाचण्यांच्या समित्यांपर्यंत गेला. आपल्याकडे भोपाळच्या माणसाला कायमचे नाव पडले ‘गॅसपीडित’. कार्डावर, रांगेत, रुग्णालयाच्या दारावर तेच. संघटनांनीही ते स्वीकारले, कारण त्याशिवाय रांगेत उभे राहता येत नव्हते.

शाहजहानी पार्कातले शनिवार

भोपाळवर शंभराहून अधिक वर्षे बेगमांनी राज्य केले. त्यांच्यापैकी नवाब शाहजहान बेगम यांच्या नावाचा एक बाग शहरात आहे, यादगार-ए-शाहजहानी पार्क. तिथे दर शनिवारी बायकांची सभा भरायची. बुरखेवाल्या, पदरवाल्या, कडेवर मुले घेतलेल्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेची ही सभा आणि ती चालवायचे अब्दुल जब्बार. जब्बारभाईंच्या घरातली माणसे गॅसने गेली, त्यांची स्वतःची नजर आणि फुप्फुसे अधू झाली. त्यांना इंग्रजीचे वावडे होते आणि परदेशी देणग्यांचेही. ‘खैरात नहीं, रोजगार चाहिए’ ही त्यांच्या संघटनेची भूमिका होती. मी एकदा त्या सभेत मागे बसलो होतो. दोन तासांत तीन कोर्टांच्या तारखा, दवाखान्यातल्या औषधांची टंचाई आणि कुणाच्या मुलीचे लग्न, असे सगळे विषय झाले. कोणत्या दवाखान्यात कोणती गोळी मिळते आणि तिने काय त्रास होतो हे बायका एकमेकींना सांगत होत्या.

दुसरीकडे रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला होत्या. गॅसआधी रशीदा बी घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. सरकारी स्टेशनरीच्या कारखान्यात काम करताना दोघींची दोस्ती झाली, संघटना झाली आणि १९८९ मध्ये बायका-मुलांना घेऊन त्या चालत दिल्लीला गेल्या. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी ‘चिंगारी ट्रस्ट’ काढला. पुढच्या पिढीचे काय, हा प्रश्न त्यांनी कुणा शास्त्रज्ञाकडून घेतलेला नव्हता. तो त्यांच्या दारात रांगत होता.

सतीनाथ सारंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘संभावना’ दवाखान्याने याच प्रश्नाला हात घातला. वस्तीतल्याच लोकांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार केले. गॅसच्या संपर्कात आलेल्या आणि अशा आईबापांच्या पोटी जन्मलेल्या किशोरवयीन मुलांची उंची, वजन, डोक्याचा घेर मोजला. मुलगे खुरटलेले निघाले, मुलींमध्ये तो फरक दिसला नाही. हा अभ्यास २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये छापून आला. बायकांनी वर्षानुवर्षे ‘बच्चा बढता नहीं’ म्हणून केलेली तक्रार जगातल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात अशी पोहोचली.

या संघटनांचे आपसांत फारसे पटत नसे, हेही नोंदवले पाहिजे. एकमेकांवर आरोप होत, परदेशी निधीवरून भांडणे होत. फुफीच्या अकरा तारखांतल्या सगळ्याच सरकारी नाहीत. ‘कॉलेज के लडके’ कुणाचे होते ते तिलाही ठाऊक नव्हते. तेही परतले नाहीत.

जब्बारभाईंची संघटना आणि इतर दोन संघटना १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. मागणी उपचारांची आणि संशोधनाची होती. निकाल लागला ९ ऑगस्ट २०१२ रोजी. रुग्णांच्या नोंदी संगणकावर घ्या, प्रत्येक गॅसपीडिताला त्याची आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड द्या, संशोधन चालू ठेवा, असे न्यायालयाने सांगितले. आजाऱ्याला त्याच्या आजाराची माहिती द्या, एवढ्यासाठी चौदा वर्षे. अंमलबजावणी पुरी होत नाही म्हणून पुढे पुन्हा जबलपूरच्या उच्च न्यायालयात खेटे सुरू झाले. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी जब्बारभाईंचा इंतकाल झाला. पद्मश्री त्यानंतर जाहीर झाली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट उघडकीला आली. कार्बाइडच्या जप्त समभागांच्या पैशातून गॅसपीडितांसाठीच उभारलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात औषध कंपन्यांच्या चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांत गॅसपीडितही घेतले गेले होते. आपल्यावर चाचणी चालू आहे याची कल्पनाच नव्हती, असे कित्येकांनी सांगितले. देशभरातल्या अशा तक्रारी सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २०१३ मध्ये चाचणीची संमती घेताना चित्रीकरण करण्याचा नियम आला. नियम चांगला आहे. पण कॅमेऱ्यासमोर मान हलवणे आणि चाचणी कशासाठी हे ठरवताना तिथे असणे, यात भुसावळ ते भोपाळ एवढे अंतर आहे.

आणि अगदी अलीकडचे. गॅस लागलेल्या आयांच्या बाळांतल्या जन्मजात व्यंगांची पाहणी भोपाळच्याच एका केंद्रीय संशोधन संस्थेने केली. ती छापली गेली नाही. संघटनांनी माहिती अधिकारात कागद मिळवले तेव्हा कळले की गॅस लागलेल्या आयांच्या १,०४८ बाळांपैकी ९ टक्के बाळांत व्यंग आढळले होते आणि गॅस न लागलेल्यांच्या १,२४७ पैकी १.३ टक्के बाळांत. पाहणीची पद्धत सदोष होती म्हणून ती छापली नाही, असे आयसीएमआरचे म्हणणे. असेल सदोष. मग दोष सुधारून पुन्हा करायची, आणि तोवर त्या हजार आयांना निदान बोलावून सांगायचे. त्यांनी आपली बाळे तपासायला दिली होती.

आता फुफीचे.

त्या रात्री ती पोटुशी होती, दुसरा महिना. आठवड्याभरात गर्भ पडला. पुन्हा दिवस राहिले ते थेट १९८७ मध्ये, आणि तेही टिकले नाहीत. तिच्या सासूबाई, ज्यांना सगळे अम्माजी म्हणत, वाईट बाई नव्हत्या. पण गॅसमध्ये धावलीस कशाला, घरात तोंड झाकून बसली असतीस तर बाळ राहिले असते, असे त्या म्हणत राहिल्या. नंतर ते घरातले ठरलेले वाक्यच झाले. ईदला आम्ही गेलो तरी कुणाच्या तरी तोंडून ते निघायचे. फुफा ऐकून गप्प बसत. पिशवीतल्या एकाही कागदावर त्या गर्भाचा उल्लेख नाही. धाप आहे, डोळे आहेत, पोटातले नाही.

२००९ मध्ये गॅसला पंचवीस वर्षे झाली म्हणून लिहायला मी भोपाळला गेलो होतो. निघण्याआधी एका डॉक्टर मित्राने मला एका लेखाची झेरॉक्स दिली होती. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मधला लेख, गळतीच्या वेळी गरोदर असलेल्या भोपाळच्या बायकांवरचा. रात्री जेवण झाल्यावर फुफीच्या खाटेजवळ बसून मी तो तिला समजावून सांगितला. बाधित वस्त्यांत २४.२ टक्के गर्भ आपोआप पडले होते. तुलनेसाठी घेतलेल्या, गॅस न लागलेल्या वस्तीत ५.६ टक्के. टक्के तिला नीट कळेनात, म्हणून डब्यातले चणे काढून मांडून दाखवले. शंभरात चोवीस. आणि इकडे शंभरात पाच-सहा.

ती बराच वेळ त्या चण्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारले, “ये छपा कब?”

मी पहिले पान पाहून सांगितले, १९९० मध्ये.

तिने बोटांवर हिशेब केला. “तब तो अम्माजी जिंदा थीं,” ती म्हणाली आणि चणे गोळा करून परत डब्यात टाकू लागली.